म्योडलारॉइट: ओढा एका उडीचा, पण निघण्याआधी दोन राज्यांची कॅलेंडरं बघा

जर्मनीतल्या होफ शहराच्या स्टेशनबाहेरच्या बस स्टॉपवर मी आणि माझी धाकटी बहीण पाऊण तास उभ्या होतो. जूनमधला गुरुवार, सकाळचे साडेनऊ, लख्ख ऊन आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुकानांची शटर खाली, समोरची बँक बंद, बस तर एकही नाही. बहीण कोल्हापूरहून पहिल्यांदाच इकडे आलेली, ती म्हणाली, "ताई, इथे काही झालंय का गं, सगळं बंद कसं?" शेवटी कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांना विचारलं तेव्हा कळलं की आज फ्रोनलाइखनाम आहे, सुट्टी आहे. मी म्हटलं अहो मी येनाहून आलेय, तिकडे आज सगळी ऑफिसं चालू आहेत, मी रजा टाकून आलेय. ते म्हणाले, येना थ्युरिंगियात, तुम्ही आता बव्हेरियात उभ्या आहात.

तर ज्यांना म्योडलारॉइटला, म्हणजे या दोन जर्मन राज्यांच्या हद्दीवरच्या, एकेकाळी भिंतीने दुभागलेल्या खेड्याला जायचंय त्यांनी बाकी काही नाही वाचलं तरी एवढं वाचा. फ्रोनलाइखनाम हा कॅथलिक सण, ईस्टरनंतर साठ दिवसांनी येतो आणि कायम गुरुवारीच येतो. बव्हेरियात सरकारी सुट्टी, थ्युरिंगियात आइशफेल्डसारखा थोडा कॅथलिक भाग सोडला तर कामाचा दिवस. त्यात भर म्हणजे बव्हेरियात शाळांना पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची दोन आठवडे सुट्टी असते आणि हा गुरुवार नेमका त्या दुसऱ्या आठवड्यात पडतो. इकडच्या खेड्यांतल्या बऱ्याच बस फक्त शाळेच्या दिवशी धावतात, वेळापत्रकात बारीक अक्षरात खूण असते तेवढीच. म्हणजे तो गुरुवारच नाही, आधीचे आठ-दहा दिवससुद्धा गेलेच म्हणून समजा. मी एका प्रवासाच्या व्हिडिओवर विश्वास ठेवला होता, त्यात सांगितलं होतं की होफहून बस पकडा, अर्ध्या-पाऊण तासात गावात, दोन तासांत बघून परत. वेळापत्रकाचा फोटोपण दाखवला होता, मी तो सेव्ह केला आणि त्यावरच निघाले. तो फोटो शाळा चालू असतानाच्या साध्या दिवसाचा होता, हे त्यात कुठेच म्हटलेलं नाही. तुम्ही तसं करू नका, ज्या दिवशी जायचं नेमकी तीच तारीख ॲपमध्ये टाकून बघा, आणि परतीचंसुद्धा बघा.

आता टॅक्सीचं सांगते, कारण राग अजून गेलेला नाही. स्टेशनसमोर एकच टॅक्सी उभी होती. होफ ते म्योडलारॉइट अंतर फार तर पंधरा-वीस किलोमीटर. चालकाने मीटर टाकायच्या आधीच ६५ युरो सांगितले, म्हणाला सुट्टी आहे, येताना रिकामी यावं लागतं. मी मीटरने चला म्हटलं तर म्हणाला शहराच्या हद्दीबाहेर मीटर नाही. आम्ही बसलो, कारण दुसरा इलाजच नव्हता, एवढ्या लांबून येऊन परत जायची तयारी नव्हती. घरी आल्यावर वाचलं तेव्हा नियम कळला. टॅक्सीचा ठरलेला दर त्यांच्या ठरलेल्या क्षेत्रातच बंधनकारक असतो, त्या बाहेर भाडं आधी बोलून ठरवता येतं. पण काहीच ठरलं नाही तर तोच मीटरचा दर लागू होतो. म्हणजे घासाघीस करायला पूर्ण वाव होता आणि मला माहीत नसल्यामुळे मी केली नाही. तुम्ही करा. पन्नासच्या वर अजिबात देऊ नका, आणि परतीचं नक्की नसेल तर त्याच गाडीला परत यायला सांगून दोन्हीचं मिळून ठरवा. चौघं असाल तर सरळ गाडी भाड्याने घ्या, ए-७२ हायवेवर होफ-ट्योपेनचं एक्झिट आहे, तिथून गाव अगदी जवळ. बसच्या नादाला लागण्यात अर्थ नाही, हे माझं स्पष्ट मत.

एवढं करून जायचं कशाला, तर सांगते. मी मूळची कागलची. आमच्याकडे हद्द म्हणजे रोजचा विषय, आत्याचं घर निपाणीला, पलीकडे गेलं की पाट्या बदलतात, एसटीचा रंग बदलतो. म्हणून पन्नासेक माणसांचं एक गाव आणि त्याच्या मधोमध आधी दोन देशांची आणि आता दोन राज्यांची सीमा हे वाचल्यापासून मला तिथे जायचंच होतं.

गावाच्या मधून टानबाख नावाचा ओढा वाहतो. ओढा म्हणजे अगदी ओहोळ हो, पावसाळ्यात आमच्या शेताच्या कडेला जो पाट वाहतो तेवढा, बहिणीने एका उडीत पार केला. हा ओढा फार जुन्या काळापासून हद्दीचा. १८१० मध्ये त्याच्या कडेने हद्दीचे दगड बसवले, एका बाजूला केबी ही अक्षरं म्हणजे बव्हेरियाचं राज्य, दुसऱ्या बाजूला एफआर म्हणजे रॉइसचं संस्थान. यातले दगड अजून दिसतात, ते आधी शोधा, भिंत नंतर बघा. कारण त्या दगडांशी उभं राहिलं की कळतं की शंभर-सव्वाशे वर्षं ही हद्द नुसती कागदावर होती. शाळा आणि खानावळ थ्युरिंगियाच्या बाजूला, चर्च बव्हेरियात ट्योपेनला, आणि माणसं दिवसातून दहा वेळा ओढा ओलांडायची. जमीन या काठावर, घर त्या काठावर. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग दुसरं महायुद्ध संपलं, थ्युरिंगिया रशियनांच्या ताब्यात गेला, बव्हेरिया अमेरिकनांच्या. आणि १९४९ मध्ये दोन जर्मन देश झाले तेव्हा हाच ओढा आंतरराष्ट्रीय सीमा झाला. नकाशावर बसलेल्या कुणीतरी नवीन रेघ मारली असंसुद्धा नाही, जुनीच रेघ उचलली. मला हे फार लागलं. तुमच्या गावातली एक निरुपद्रवी जुनी खूण, जिच्याकडे कुणी बघतही नव्हतं, तीच एक दिवस तुमच्या बहिणीला तुमच्यापासून तोडते.

२६ मे १९५२ ला पूर्व जर्मनीने सीमेचे कडक नियम केले. सीमेलगत १० मीटरचा नांगरलेला पट्टा, ज्यावर पाऊल पडलं तर ठसा दिसावा, मग ५०० मीटरचा संरक्षित पट्टा, आणि ५ किलोमीटरचं निषिद्ध क्षेत्र, ज्यात पास असल्याशिवाय बाहेरच्याला यायला बंदी. म्योडलारॉइटचा पूर्वेकडचा अर्धा भाग त्या ५०० मीटरमध्येच. त्याच वर्षी गावाच्या मधून माणसाएवढ्या उंचीचं लाकडी फळ्यांचं कुंपण उभं राहिलं. त्याच उन्हाळ्यात सगळ्या सीमेवरून ८,००० पेक्षा जास्त लोकांना, जे सरकारला भरवशाचे वाटत नव्हते, घरदार सोडायला लावून आत कुठेतरी नेऊन टाकलं. त्या मोहिमेचं सांकेतिक नाव होतं 'उनगेत्सीफर', म्हणजे किडे-ढेकूण-उवा यांच्यासाठी जो शब्द वापरतात तो. माणसांच्या मोहिमेला हे नाव. बहिणीला मी अर्थ सांगितला तेव्हा ती बराच वेळ बोललीच नाही.

पुढे तारा आल्या आणि १९६६ मध्ये काँक्रीटची भिंत, ७०० मीटर लांब, सव्वातीन मीटरच्या वर उंच. बर्लिनची भिंत १९६१ ची हे सगळ्यांना माहीत असतं, पण एका खेड्यासाठी खास भिंत बांधली हे कुणाला माहीत नसतं. म्हणून अमेरिकन सैनिक या गावाला 'लिटल बर्लिन' म्हणायचे. पश्चिमेकडून लोक यायचे, बघायचे, फोटो काढायचे. पूर्वेकडच्यांना मात्र पलीकडे हात हलवायलाही बंदी होती. म्हणजे पलीकडून काकाने हात केला तर इकडे मान फिरवून निघून जायचं. ५ फेब्रुवारी १९८३ ला जॉर्ज बुश, तेव्हा अमेरिकेचे उपाध्यक्ष, इथे येऊन भिंत बघून गेले.

भिंतीवरून पळून जायचं एक प्रकरण मात्र तडीस गेलं, १९७३ मध्ये. सीमाभागात यायची परवानगी असलेला एक ड्रायव्हर गाडी थेट भिंतीला लावून, बरोबर आणलेल्या शिडीने पलीकडे उतरला. भिंतीपाशी उभं राहून मी वर बघितलं, बहिणीला खांद्यावर घेतलं असतं तरी तिचे हात जेमतेम कडेला लागले असते, आणि वर टेहळणी मनोरा.

संग्रहालयाबद्दल माझं मत असं. बाहेरचा भाग अप्रतिम, तिथे वेळ घालवा. मूळ भिंतीचा शंभरेक मीटरचा तुकडा, धातूच्या जाळीचं कुंपण, गाड्या अडवायचा चर, नांगरलेला पट्टा, दिव्यांचे खांब, मनोरा हे सगळं ज्या क्रमाने होतं त्याच क्रमाने बघता येतं, आणि तो क्रमच महत्त्वाचा आहे. पूर्वेकडून चालत या, पश्चिमेकडून नको. सगळे लोक पार्किंगमधून सरळ भिंतीशी जातात, फोटो काढतात, संपलं. पण पळणाऱ्याला भिंत सगळ्यात शेवटी लागायची, आधी बाकी सगळं, हे पूर्वेकडून चालल्यावरच अंगावर येतं. आणि हेही लक्षात येतं की ते सगळे अडथळे आतल्या माणसांसाठी आहेत, बाहेरून येणाऱ्या शत्रूसाठी नाहीत. आत लष्करी गाड्या वगैरे आहेत, आम्ही दहा मिनिटांत बाहेर पडलो, तुम्हाला गाड्यांची आवड असेल तर बघा. उघडण्याच्या वेळा आणि सुट्टीचा वार आदल्या दिवशी बघून घ्या. खाण्यापिण्यावर विसंबू नका, गावात दुकान नाही. आमच्याकडे धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दोन लिटर पाणी होतं, ते सगळं संपलं. शाकाहारी असाल तर होफमध्येसुद्धा रस्त्यावर मिळतं ते मुख्यतः सॉसेज, पितळी हंड्यातून गरम गरम विकतात, शहराची खासियत आहे ती, पण आपल्या कामाची नाही.

९ डिसेंबर १९८९ ला, बर्लिनची भिंत उघडल्याच्या बरोबर एक महिन्याने, इथे पायी जाण्यापुरती वाट उघडली. आणि १७ जून १९९० ला बुलडोझर लावून भिंत पाडली, जपून ठेवलेला तुकडा सोडून. १७ जून ही तारीखही साधी नाही, १९५३ मध्ये पूर्व जर्मनीतल्या कामगारांनी उठाव केला होता तो दिवस.

आता सगळं एक झालं असं वाटून तुम्ही जाल तर ते अर्धंच खरं आहे. ओढा आजही राज्याची हद्द आहे. पश्चिमेचा भाग बव्हेरियात, ट्योपेन ग्रामपंचायत, होफ जिल्हा. पूर्वेचा भाग थ्युरिंगियात, गेफेल गाव, झाले-ओर्ला जिल्हा. पिनकोड वेगळे, फोनचे एसटीडी कोड वेगळे, गाड्यांच्या नंबरप्लेट वेगळ्या, मेयर दोन, शाळेच्या सुट्ट्या वेगळ्या. इकडे भेटलं की ग्र्युस गॉट, तिकडे गुटेन टाग. आणि आमच्या गुरुवारी तर ते डोळ्यांनी दिसलं, पश्चिमेला अंगणात टेबल मांडून लोक निवांत बसलेले आणि वीस पावलांवर पूर्वेला ट्रॅक्टर चाललेला. मला जे होफमध्ये डोक्यात गेलं होतं तेच इथे बघून वाटलं, बरं झालं आपण आजच आलो. दुसऱ्या कुठल्या दिवशी ही हद्द इतकी उघड दिसली नसती.

तुम्हाला हे मुद्दाम बघायचं असेल आणि स्वतःची गाडी असेल, तर ३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर हे दोन दिवस धरा, पहिल्या दिवशी थ्युरिंगियाला सुट्टी, दुसऱ्या दिवशी बव्हेरियाला. २० सप्टेंबरला पूर्वेला सुट्टी असते, पश्चिमेला नाही. ६ जानेवारीला उलट, पण जानेवारीत जाऊ नका, या भागाला लोक बव्हेरियाचा सैबेरिया म्हणतात ते उगाच नाही, जूनमध्येसुद्धा वाऱ्याला जॅकेट लागलं.

आता त्या रस्त्याकडे येते, ज्याच्यामुळे हा सगळा वृत्तांत लिहायला बसले.

परत जायला टॅक्सी बोलवायची नाही हे मी ठरवलं होतं. नकाशात बघितलं तर पूर्वेला गुटेनफ्युर्स्ट नावाचं स्टेशन, सरळ रेषेत पाच-सहा किलोमीटर. आणि सीमेच्या कडेने जुना गस्तीचा रस्ता जातो, कोलोनेनवेग, ज्यावरून पूर्व जर्मनीचे सैनिक गाड्यांतून पहारा द्यायचे. सगळीकडे लिहिलेलं असतं की सुंदर, सपाट, हिरवागार, घरातल्या सगळ्यांना चालेल असा. मी सह्याद्रीत बऱ्यापैकी फिरलेय, राजगड-तोरणा एका दमात केलाय, म्हटलं सपाट आठ किलोमीटर म्हणजे काय आहे.

हा रस्ता म्हणजे काँक्रीटच्या लाद्यांच्या दोन समांतर पट्ट्या, गाडीच्या दोन चाकांसाठी, मध्ये गवत. आणि त्या लाद्या सलग नाहीत, त्यांना ओळीने आयताकृती आरपार भोकं आहेत. पाणी निचरावं आणि लादी हलकी व्हावी म्हणून असेल, गाडीच्या रुंद टायरला त्याने काही फरक पडत नाही. माणसाच्या पायाला मात्र पडतो. भोक एवढं की पाऊल पूर्ण आत जात नाही पण टाच जाते, किंवा चवडा जातो. भोकांमधलं अंतर आपल्या पावलाशी कुठेच जुळत नाही, लहान पाऊल टाकलं तर दमछाक, मोठं टाकलं तर टाच बरोबर भोकात. पहिली पंधरा मिनिटं गंमत वाटते. अर्ध्या तासाने तुम्ही आजूबाजूला बघणं सोडून देता, नजर फक्त पायांकडे. तासाभराने घोट्यांना आतून कळ यायला लागते. आणि जूनमध्ये त्या भोकांतून गवत गुडघ्यापर्यंत वाढलेलं असतं, भोक कुठे आणि लादी कुठे दिसतच नाही.

मधल्या गवतातून चाला असं कुणी सांगेल. आम्हीही चाललो. ते गवत ओलं, खाली जमीन उंचसखल, लाद्या काही ठिकाणी वीतभर वर आलेल्या आणि काही ठिकाणी खचलेल्या. काही ठिकाणी तर लाद्याच गायब, वाट शेतात विरघळून गेलेली, पुढे दोनशे मीटरवर परत सुरू. पावसानंतर लाद्यांवर शेवाळ असतं ते वेगळंच, सुदैवाने आमच्या दिवशी कोरडं होतं.

दीड तासाच्या सुमारास बहिणीचा पाय गेला. स्पोर्ट्स शूज होते तिचे, चांगल्यातले, पण घोट्याखालचे. टाच भोकात गेली आणि शरीर पुढे. ओरडली आणि बसलीच. मी बूट काढून बघितलं, मोडलं नव्हतं, मुरगळला होता, पण सूज डोळ्यांदेखत यायला लागली. माझ्या बॅगेत क्रेप बँडेज होतं, ते मी प्रत्येक ट्रेकला नेते, बांधलं, वीस मिनिटं बसलो. आसपास एक माणूस नाही, एक घर नाही. ती म्हणाली, "ताई, चालते मी, पण आता जोरात नको." पुढचं सगळं अंतर ती माझ्या एका हाताचा आणि एका काठीचा आधार घेऊन आली, आणि काठीचं सांगते, काठीचं टोकसुद्धा त्या भोकांत अडकतं आणि वेगात असाल तर मनगटाला हिसका बसतो. टोकाला रबरी बूच लावा, जाडं.

तेव्हा ज्यांना हा रस्ता करायचाच आहे त्यांच्यासाठी माझं म्हणणं असं. घोट्याच्या वरपर्यंत येणारे ट्रेकिंगचे बूट, याला पर्याय नाही, सपाट म्हणून फसू नका. लांब पँट, मोज्यात खोचलेली, कारण गोचीड. हा सगळा पट्टा गोचिडीतून मेंदूज्वर होणाऱ्या भागात मोडतो, जर्मनीत राहत असाल तर त्याची लस घ्या, आणि घरी गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट तपासा, मला एक सापडली. नकाशावरच्या अंतराला दुप्पट वेळ धरा, आम्हाला बसण्याचा वेळ धरून साडेतीन तास लागले. मुलांना आणि आईवडिलांना यावर नेऊ नका, त्यांना गावातल्या ओढ्याकाठीच फिरवा. सायकलने तर विचारही करू नका, हाडं खिळखिळी होतील. आणि ज्यांनी हे 'सगळ्यांना चालेल असं' लिहिलंय त्यांनी पहिला अर्धा किलोमीटर करून परत फिरून लिहिलंय, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

एवढं बोलल्यावर हेही बोलायला पाहिजे की तो पट्टा सुंदर आहे. चाळीस वर्षं तिथे शेती झाली नाही, खत पडलं नाही, म्हणून बाकी शेतांतून हाकललेलं सगळं तिथे जगलं. दोन्ही बाजूंना एकसारखी हिरवी शेतं आणि मध्ये ही रानटी पट्टी, फुलं, झुडपं, पक्षी. जुनी सीमा १,३९३ किलोमीटरची, तिला आता ग्र्युनेस बांड म्हणतात, हिरवा पट्टा. आणि तो राखायचा ठराव झाला तो होफमध्येच, ९ डिसेंबर १९८९ ला, पूर्व-पश्चिमेचे जवळजवळ चारशे निसर्गप्रेमी पहिल्यांदा एकत्र जमले होते. तारीख परत वाचा. त्याच दिवशी तिकडे म्योडलारॉइटमध्ये वाट उघडत होती. थ्युरिंगियाच्या वाट्याला यातले ७६३ किलोमीटर येतात आणि २०१८ पासून तो राष्ट्रीय नैसर्गिक स्मारक आहे, म्हणून वाट सोडून आत शिरू नका, जमिनीवर घरटी असतात.

वाटेत एक दगड लागतो, जिथे बव्हेरिया, थ्युरिंगिया आणि सॅक्सनी तिन्ही मिळतात. तिन्ही राज्यं स्वतःला फ्रायश्टाट, म्हणजे मुक्त राज्य, म्हणवतात म्हणून त्याचं नाव तीन फ्रायश्टाटांचा दगड. बहीण त्यावर पाय वर करून बसली आणि शेवटचा धपाटा खाल्ला. त्याच्यापुढे डावीकडे सॅक्सनी सुरू होतं.

गुटेनफ्युर्स्टला पोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेसहा झाले होते, ऊन मात्र अजून चांगलं वर होतं, जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो म्हणून तरी निभावलं. ऑक्टोबरमध्ये ही चूक करू नका, दुपारी बारानंतर गावातून निघायचंच नाही. स्टेशन म्हणजे आता एक ओकाबोका प्लॅटफॉर्म, आजूबाजूला गरजेपेक्षा कितीतरी जास्त मोकळी जागा. ती जागा का, तर हे पूर्व जर्मनीचं सीमेवरचं तपासणी स्टेशन होतं, इथे गाड्या थांबवून माणसं, पिशव्या, डब्याच्या खालची बाजू सगळं तपासायचे. ३० सप्टेंबर १९८९ ला प्रागमधल्या पश्चिम जर्मन वकिलातीत आसरा घेतलेल्या हजारो पूर्व जर्मन लोकांना पश्चिमेला जायची परवानगी मिळाली, पण अट अशी की गाड्या पूर्व जर्मनीतूनच न्यायच्या. त्या गाड्या ड्रेस्डेनवरून, याच रुळांवरून, १ ऑक्टोबरच्या सकाळी होफला पोचल्या. ज्या होफच्या स्टेशनबाहेर आम्ही सकाळी चिडून उभ्या होतो तिथे त्या दिवशी गावातले लोक कपडे, चहा, खाऊ घेऊन उभे होते.

गाडी दोन-दोन तासांनी असते, त्यामुळे सुटली तर बसून राहा, दुसरा मार्ग नाही. प्लॅटफॉर्मवर ना पाणी ना संडास. आम्हाला पन्नास मिनिटं थांबावं लागलं. डॉइचलँडटिकेट, म्हणजे देशभर लोकल प्रवासाचा महिन्याचा पास, असेल तर वेगळं काही काढावं लागत नाही, लोकल गाड्यांना ते चालतं. बहिणीने पाय बाकावर लांब केला, मी बाटलीतलं उरलेलं पाणी बँडेजवर ओतलं. येनाला पोचायला रात्रीचे अकरा वाजले.

पाय आठ दिवसांत बरा झाला. घरी गेल्यावर तिने आईला पहिला फोटो दाखवला तो भिंतीचा नाही, १८१० च्या दगडाचा, एक हात इकडे एक हात तिकडे.